पिवळा रकाना

मला मेमो आलाय. एकवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. आणि कशासाठी, तर 'अधिकृत नमुन्यात विनापरवानगी रकाना वाढविल्याबद्दल'. चोरी नाही, उशीर नाही, कुणाच्या अंगावर हात टाकलेला नाही. रकाना वाढवला म्हणून. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या म्हणे. देतो की, का नाही देत. पण तो चार ओळींत मावायचा नाही, म्हणून आधी सगळं सांगून मोकळा होतो.

मी येसाजी. पंपांच्या सरकारी कारखान्यात क्वालिटी खात्यात इन्स्पेक्टर आहे. घर चामराजपेटेत. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडं आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. रणजीत माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे अठरा वर्षांनी धाकटा. वडील गेले तेव्हा तो पाचवीत होता, त्यामुळं मी त्याचा भाऊ कमी आणि बाप जास्त.

हा रणजीत फुटबॉल खेळतो. मधल्या फळीत, म्हणजे मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, हे त्याचं काम. गेल्या एप्रिलात, चौऱ्याण्णव साली, आमच्या कारखान्यानं त्याला खेळाडू म्हणून घेतलं. वर्षभर तात्पुरता. सकाळी खात्यात काम, दुपारी मैदान. वर्ष संपताना क्रीडा सचिवानं 'शिफारस आहे' लिहिलं की नोकरी कायम. 'शिफारस नाही' लिहिलं की एकतीस मार्चला घरी. पोराला तेविसावं लागलेलं, बी.कॉम. अर्ध्यात सोडलेलं. ही नोकरी गेली असती तर दुसरी कोण देणार होतं त्याला? वर्षभर आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात तेवढं एकच होतं.

क्रीडा सचिव कोण, तर आमचेच साहेब. विद्याधर साहेब, पुण्याचे, क्वालिटीचे डेप्युटी मॅनेजर. मी पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोललो तेव्हा हसले. म्हणाले, "तुमचं मराठी ऐतिहासिक नाटकातलं वाटतं हो, येसाजी." मी पण हसलो. साहेब हसले की हसायचं, ही माझी जुनी सवय.

गेल्या वर्षी कारखान्यात आयएसओ सर्टिफिकेटचं वारं शिरलं. साहेब मुंबईला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले आणि आल्या आल्या सगळ्यांना तक्ते वाटले. प्रत्येक खात्यात रिजेक्शन किती टक्के, भिंतीवर लावा. मशीन शॉपमध्ये तक्ता, पेंट शॉपमध्ये तक्ता. कँटीनमध्येसुद्धा तक्ता, किती इडल्या फुटल्या त्याचा. खोटं वाटेल, पण मी स्वतः बघितलाय. इथवर मला काही म्हणायचं नव्हतं. मग एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक छापील कागद पुढं सरकवला. खेळाडूचा नंबर, एकूण पास, ओके, रिजेक्ट.

"फुटबॉल टीमसाठी," साहेब म्हणाले. "आपल्या खेळाडूकडून चेंडू आपल्या खेळाडूकडे गेला तर ओके. समोरच्याकडे गेला किंवा बाहेर गेला, रिजेक्ट. सिंपल. मॅचला बाजूला बसून तुम्ही भरायचा."

मी म्हटलं, "सर, माझाच भाऊ आहे त्यात."

"म्हणूनच. घरचा माणूस असूनही तुम्ही पार्शालिटी करणार नाही, याची मला खात्री आहे. तुमच्याइतका प्रामाणिक इन्स्पेक्टर नाही माझ्याकडे."

आणि मी फुगलो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. घरी येऊन बायकोला, अहल्येला, मोठ्या तोंडानं सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "भावाच्या चुका मोजायचा मान मिळाला म्हणून एवढा आनंद? नाही म्हणता येत नव्हतं तोंडानं?" मला राग आला तिचा. आता वाटतं, तेव्हाच तिचं ऐकायला पाहिजे होतं.

तीन मॅचेस मी मोजल्या. अगदी पंपातल्या बुशचा व्यास मोजावा तसं मन लावून मोजलं. तीन मॅचेसनंतर आमच्या स्टॉपरचं, म्हणजे मागच्या फळीत मधोमध उभा राहणाऱ्याचं, रिजेक्शन आलं चार टक्के आणि रणजीतचं एकतीस. स्टॉपर करतो काय, तर चेंडू आला की गोलकीपरकडं मागं देतो. गोलकीपर त्याला परत देतो. हा परत मागं. सगळे पास ओके. तो तक्ता साहेबांनी कँटीनच्या दारात लावला, रणजीतचं नाव लाल शाईत. दोन हजार माणसं सांबार घ्यायला जातात तिथनं. टर्नर लोक विचारायला लागले, "काय येसाजी अण्णा, घरचा माल फारच रिजेक्ट निघाला की." तळपायाची आग मस्तकात जायची. पण अक्षर माझंच होतं.

रणजीतला मी त्या आठवड्यात धरून बसवलं. म्हटलं, "जरा सांभाळून खेळ की रे. स्वल्प मागं दिलास तर काय बिघडतंय?"

तो रागावला नाही. तो रागावतच नाही, हा त्याचा दुर्गुण. म्हणाला, "अण्णा, तुझ्या कागदावर जागा कुठं लिहिलीय?"

"कसली जागा?"

"मैदानावरची. हे बघ, आपल्या हाफमध्ये पास चुकला की चेंडू सरळ आपल्या गोलवर येतो. तिथं मी कधी खेळ करत नाही, गपचूप सोपा पास देतो. पण त्यांच्या गोलजवळ चुकला तर काय होतंय? फार तर थ्रो त्यांचा, रेघेबाहेरनं चेंडू ते आत टाकणार, बास. आणि दहातला एक बसला तर गोल. तुझ्या कागदावर दोन्ही चुका एकच."

मला पटलं. पटलं म्हणून तर जास्त राग आला. मी साहेबांकडं गेलो आणि म्हटलं, सर, जागेचा रकाना पाहिजे. ते म्हणाले, "येसाजी, पंप गळला तर गिऱ्हाईक विचारतं का, कुठल्या गावात गळला? डिफेक्ट इज डिफेक्ट." आणि वर म्हणाले, "बरं झालं आलात. शेवटच्या मॅचमध्ये रणजीतचं रिजेक्शन दहा टक्क्यांच्या आत आलं तर मी शिफारस करीन. नाही तर माझा नाइलाज आहे. मराठी माणूस म्हणून मी फेव्हर केला असं कुणी म्हणायला नको."

बघा म्हणजे. तक्ता लावताना मराठी आठवलं नाही, शिफारस करताना आठवलं.

शेवटची मॅच मार्चच्या दुसऱ्या शनिवारी होती. त्यातही गोम अशी की ती जिंकली नसती तर आमची टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होती. पण मला टीमचं काय पडलं होतं? मला भावाचं पडलं होतं. सकाळी तो बूट पिशवीत भरत होता, तेव्हा मी त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. आज एकही धोक्याचा पास द्यायचा नाही."

तो बघतच राहिला. आमच्या घरात गळ्याची शपथ कुणी उगाच घालत नाही. घातली की ती पाळायची, नाही तर घालणाऱ्यानं आपल्या तोंडानं 'सुटली' म्हणायचं. त्याशिवाय सुटका नाही. अहल्या दारातनं बघत होती. तिनं कपाळाला हात लावला आणि आत गेली.

रणजीत म्हणाला, "सरी, अण्णा." सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं.

स्टेडियमवर मी नेहमीच्या जागी बसलो, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, खिशात तीन पेन्सिली. हिरवी ओकेची, लाल रिजेक्टची, आणि कारखान्यातली पिवळी, जी माझ्या खिशात वीस वर्षं असतेच. शेजारी आमचा कोच कल्लाप्पा. तो वेल्डिंगला आहे, कोचिंगचा एक पैसा घेत नाही, आणि मॅच चालू असताना तोंडातनं शब्द काढत नाही.

पहिल्या हाफमध्ये रणजीतनं सव्वीस पास दिले. सव्वीसच्या सव्वीस ओके. मागं, बाजूला, मागं, बाजूला. कागद हिरवागार झाला. स्कोअर शून्य-शून्य. आमचा फॉरवर्ड पुढं उभा राहून हात हलवत होता, पाहिजे तर टोपी विणून झाली असती त्याची. प्रेक्षकांत लोक शेंगा खात गप्पा मारत होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण पंधराव्या मिनिटालाच मला कळलं, हा खेळ माझ्या ओळखीचा होता. मी याच टीममधून नऊ वर्षं मधल्या फळीत खेळलो. नऊ वर्षं चेंडू मागं दिला. माझ्या नावावर चूक नाही आणि मी खेळलो होतो हे आठवणारा माणूसही नाही. माझ्या भावाच्या अंगात मी घुसलो होतो आणि ते बघवत नव्हतं.

हाफ टाइमला मी कल्लाप्पाला विचारलं, "काय वाटतं?"

तो मैदानाकडंच बघत कन्नडमध्ये म्हणाला, "बारा नंबरला तू काय सांगितलंयस ते मला माहीत नाही. पण हा माझा बारा नंबर नाही." बारा नंबर म्हणजे रणजीत.

मी पाटी तशीच ठेवून उठलो. रणजीत लिंबाची फोड चोखत गवतावर बसला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "सुटली."

"काय?"

"शपथ सुटली. तुझ्या मनासारखं खेळ."

"आणि साहेबांचे दहा टक्के?"

"ते मी बघतो," म्हटलं. काय बघणार होतो, मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या हाफमध्ये त्यानं पहिला लांब पास दिला तो विंगवाल्याच्या पुढं चार हात गेला. बाहेर. दुसरा दोन हात. तिसरा त्यांच्या स्टॉपरच्या बुटाला लागून अडला. मागनं एक आवाज आला, "अरे बसवा त्याला." मी लाल पेन्सिल हातात धरून होतो. चौथा गेला तेव्हा मात्र मला दिसलं. प्रत्येक वेळी त्यांचा स्टॉपर ती वाट अडवायला अर्धं पाऊल डावीकडं सरकत होता, आणि प्रत्येक वेळी रणजीतचा पास मागच्यापेक्षा थोडा बरोबर जात होता. पोरगं चुकत नव्हतं. पोरगं माप घेत होतं.

आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. कारण हे मी रोज बघतो. लेथवर नवीन जॉब लावला की पहिले पाच-सहा पीस कमी-जास्त येतातच. ऑपरेटर हत्यार सरकवतो, पुन्हा काढतो, पुन्हा सरकवतो, तेव्हा कुठं माप बसतं. त्या पिसांना आम्ही सेटिंग पीस म्हणतो. मी त्यांना पिवळी खूण करतो, ते वेगळ्या ट्रेमध्ये जातात, आणि रिजेक्शनमध्ये धरत नाहीत. धरले तर कुठला ऑपरेटर नवीन जॉबला हात लावेल? वीस वर्षं मी हे करतोय आणि माझ्या भावाला मात्र लाल खुणा मारत बसलो होतो. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

पाचवा, सहावा, सातवाही वाया गेला. आठवा पास त्यानं मान वर न करता दिला. स्टॉपर सवयीनं डावीकडं सरकला आणि चेंडू त्याच्या उजवीकडनं गेला. आमचा फॉरवर्ड एकटा, समोर फक्त गोलकीपर. एक-शून्य. तसंच संपलं. कल्लाप्पानं माझ्या पाठीवर एवढ्या जोरात हात मारला की पाटी खाली पडली.

संध्याकाळी घरी मी कागद घेऊन बसलो. पट्टीनं एक उभी रेघ मारली, वर लिहिलं 'सेटिंग', आणि सातही चुका पिवळ्या केल्या. रणजीत खांद्यावरनं वाकून बघत होता.

"पाचवा काढ तिथनं," तो म्हणाला.

"का?"

"पाचवा सेटिंग नव्हता. आपल्या हाफमध्ये होता तो. कुणी अंगावर नव्हतं, मी उगाच टाचेनं दिला. दिमाख दाखवला. आपल्या स्टॉपरनं सांभाळलं म्हणून वाचलो. लाल कर."

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी नियम मोडतोय आणि तू मला शिकवतोस?"

"लाल कर, अण्णा. नाही तर बाकीचे सहा खोटे ठरतील."

केला लाल. चरफडत केला.

सोमवारी साहेबांनी कागद बघितला आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हे काय? पन्नासात सात. चौदा टक्के. हा पिवळा प्रकार कुणाच्या परवानगीनं?"

"सर, सेटिंग पीस आहेत."

"फुटबॉलमध्ये सेटिंग पीस?"

"फुटबॉलमध्ये रिजेक्शन चालतं तर सेटिंग का नाही? तुमचंच सर्क्युलर आहे, गेल्या ऑगस्टचं. नवीन जॉबचे सुरुवातीचे पीस रिजेक्शनमध्ये धरू नयेत, इन्स्पेक्टरनं तपासून खूण करावी. मी तपासले. सहा सेटिंग, एक रिजेक्ट. चव्वेचाळीसात एक. दोन टक्क्यांच्या वर थोडं."

साहेब खुर्चीत मागं टेकले. "भाऊ आहे म्हणून सगळं पिवळं केलंत, असं सरळ म्हणा ना."

तेव्हा माझं डोकं फिरलं. वीस वर्षांत साहेबासमोर आवाज चढला नव्हता, तो चढला. म्हटलं, "सगळं केलं होतं, सर. हा एक लाल दिसतोय ना, तो माझ्या भावानं करायला लावला. स्वतःची चूक स्वतः दाखवली. नोकरी जात असताना. तुमच्या तक्त्यात चार टक्केवाला जो आहे त्यानं वर्षभरात एक पास पुढं दिलेला नाही. त्याचं नाव हिरव्या शाईत. ज्याच्यामुळं टीम वर राहिली, त्याचं कँटीनच्या दारात लाल शाईत, आणि लोक सांबार घेता घेता हसतात. ही क्वालिटी आहे होय? तुम्ही एक तरी मॅच बघितलीत का, सर? एक?"

बाहेर टाइपरायटरचा आवाज बंद झाला होता. सगळं खातं ऐकत होतं.

साहेबांनी एकही मॅच बघितली नव्हती. ते म्हणाले नाहीत तसं, पण कागदाची घडी घातली, उलगडली, आणि म्हणाले, "सेटिंगच्या पिसांना इन्स्पेक्टरची सही लागते. नंतर काही निघालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची. माझी नाही."

मी सही केली. सहा पिवळ्या खुणांपुढं सहा सह्या, पूर्ण नावाच्या.

त्यांनी शिफारस लिहिली ती अशी: 'शिफारस आहे, इन्स्पेक्टरच्या जबाबदारीवर.' माणूस मोठ्या हुद्द्यावर कसा चढतो, ते त्या चार शब्दांत कळतं. एकतीस मार्चला रणजीतला कायम झाल्याचं पत्र मिळालं. आणि तीन एप्रिलला मला हा मेमो, त्याच साहेबांच्या सहीचा. पंधरा तारखेला फोरमनच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहेत. सहा वर्षं मी त्या जागेची वाट बघतोय. मेमो चालू असताना इंटरव्ह्यूला बोलावत नाहीत, हे साहेबांना माहीत आहे आणि मलाही.

काल रात्री जेवताना अहल्येनं रणजीतला सांगून टाकलं. मी सांगणार नव्हतो. त्यानं घास ताटात ठेवला. कधी नाही तो चिडला होता.

"अण्णा, माफी मागून टाक. लिही, चूक झाली म्हणून. माझं पत्र आलंय, आता ते काढून घेत नाहीत."

"चूक झाली नाही, तर कशी लिहू?"

"मग काय लिहिणार?"

मी कागद दाखवला. दोनच ओळी लिहून झाल्या होत्या. 'रकाना मी वाढवला. यापुढेही तो भरावा लागेल, तरी नमुन्यात कायम करावा ही विनंती.'

रणजीतनं दोनदा वाचलं. "हे वाचून साहेब तुला फोरमन करणार नाहीत. सहा वर्षं गेली की तुझी."

"गेली तर गेली," मी म्हटलं. "फार तर थ्रो त्यांचा."

तो खाली मान घालून जेवायला लागला, आणि अहल्येनं न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला.